अर्धवट कामाचं नाव

अब्बांचं शिलाईचं दुकान किनवटच्या बाजारात होतं. रुंदी जेमतेम आठ फूट. एक मशीन अब्बांचं, एक कारागिराचं आणि मागच्या भिंतीला लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर कापडाची गठुडी असायची. कटिंग झालेलं पण शिवायचं राहिलेलं, शिवलेलं पण काज-बटण राहिलेलं, बाह्या लागल्या पण कॉलर राहिलेली. रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की ही गठुडी दुप्पट होत, कारण हातातलं काम बाजूला ठेवायला लावणारं गिऱ्हाईक नेमकं त्याच दिवसांत येतं. "मास्टर, पोरगा आज नंदीग्रामनं मुंबईला चाललाय, त्याचा कुर्ता आधी द्या." अब्बा हातातली सफारी गुंडाळायचे, चिठ्ठी टाचायचे, फळीवर ठेवायचे आणि कुर्ता घ्यायचे.

चिठ्ठ्या मी लिहायचो. अब्बांची तालीम उर्दूतली, कारागिराला उर्दू येत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी मराठीत, आणि मराठी शाळेत जाणारा घरात मी एकटा. चिठ्ठीवर काय लिहायचं याबाबत अब्बा फार काटेकोर होते. मी पहिल्यांदा "शेख साहेब" एवढंच लिहिलं तेव्हा त्यांनी चिठ्ठी परत दिली. किनवटात शेख किती आणि साहेब किती! आणि नाव कळून तरी काय उपयोग? काय राहिलंय ते लिही, म्हणाले. मग मी लिहायला लागलो: "डावी बाही, अस्तर, शुक्रवारी द्यायचं." मधे कारागिरानं बाही लावून टाकली की जुनी चिठ्ठी फाडायची आणि नवी लिहायची. हे शेवटचं मला फार जाचक वाटायचं. बाही लागलेली दिसतेच ना डोळ्यांनी, परत चिठ्ठी कशाला? अब्बा म्हणायचे, गठुडं बांधलेलं असतं, आतलं कुणाला दिसतं?

आता मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो. पुण्यातल्या एका कंपनीचं काम, पण बसतो किनवटलाच. गोकुंद्याच्या बाजूला घर आहे, छतावर नेटची डबी आहे, खाली इन्व्हर्टर आहे. आमच्या धंद्यात सगळे एक हत्यार वापरतात, त्याचं नाव गिट. आणि या गिटमध्ये अब्बांच्या फळीसारखी एक फळी आहे. तिथे चिठ्ठी लावता येते, पण लावलेली चिठ्ठी बदलायची नीट सोय नाही. एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असं वाटेल. मलाही वाटायचं. गेल्या वर्षी घरातल्या एका मुलीचे पैसे त्यापायी अडकले, तेव्हापासून वाटत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्राम म्हणजे शेकडो फायली. त्यात कोणी, कधी, काय बदललं याची वही ठेवणारं हत्यार म्हणजे गिट. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या माणसानं ते २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं. लिनक्सचं काम ज्या दुसऱ्या हत्यारावर चालायचं, त्याच्या मालकांनी फुकट वापराची सवलत काढून घेतली, म्हणून नवं करावं लागलं. त्याच वर्षी जुलैपासून जुनिओ हमानो हे गृहस्थ ते सांभाळत आहेत. काम पुरं झालं की आपण ते वहीत नोंदवतो, त्याला म्हणायचं कमिट. कमिट म्हणजे शिवून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला कपडा. त्याच्याबरोबर एक ओळ लिहायची असते, काय केलं त्याची. ती ओळ सगळी टीम वाचते.

पण काम नेहमी पुरं कुठे होतं? तुम्ही बिलाच्या छपाईत अर्धे बुडालेले असता आणि फोन येतो, की गिऱ्हाइकाकडे लॉगिनच होत नाही, आधी ते बघा. अर्धवट काम कमिट करण्यासारखं नसतं आणि टाकून देण्यासारखंही नसतं. यासाठी २००७ मध्ये गिटमध्ये स्टॅश नावाची आज्ञा आली. नानाको शिराइशी या नावानं ती पाठवली गेली होती. स्टॅश म्हटलं की सगळे अर्धवट बदल गुंडाळून फळीवर जातात, टेबल मोकळं होतं. नंतर पॉप म्हटलं की गठुडं खाली येतं. फळीवर कितीही गठुडी ठेवता येतात. सगळ्यात नवं ते शून्य क्रमांकाचं, त्याच्या आधीचं एक, त्याच्या आधीचं दोन.

आता चिठ्ठीकडे या. तुम्ही काही न सांगता स्टॅश केलंत तर गिट आपल्या मनानं चिठ्ठी लावतं. त्यात आधी लिहिलेलं असतं डब्ल्यूआयपी, म्हणजे काम चालू आहे. मग तुम्ही कोणत्या फांदीवर होतात तिचं नाव. मग तिथल्या शेवटच्या कमिटचा छोटा क्रमांक आणि त्या कमिटची ओळ. पुन्हा वाचा: शेवटच्या कमिटची ओळ. म्हणजे जे काम आधीच पुरं होऊन गेलं, त्याचं नाव. तुमच्या अर्धवट कामाचा तिथे एक शब्द नाही. गठुड्यात सय्यद साहेबांची सफारी आणि चिठ्ठीवर कालच घरी गेलेल्या पाटलांचा शर्ट! एकाच दिवशी तीन स्टॅश केले आणि मधे कमिट झालं नाही, तर तिन्ही चिठ्ठ्या अक्षर न् अक्षर सारख्या. अब्बांनी असा नोकर दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.

अर्थात आपली चिठ्ठी लिहायची सोय आहे. पूर्वी स्टॅश सेव्ह होतं, २०१७ पासून स्टॅश पुश आलं. त्याला एम हा पर्याय जोडून अवतरणात हवं ते लिहायचं. पण फोन वाजत असताना हे कोण करतं? स्टॅश ही घाईची आज्ञा आहे. घाईत दिलेलं नाव वाईटच असणार, आणि चांगलं नाव सुचतं ते दोन दिवसांनी, जेव्हा नक्की काय अडलंय ते कळतं. म्हणून अशा ठिकाणी नाव देण्याच्या सोयीपेक्षा बदलण्याची सोय जास्त गरजेची. आणि नेमकी तीच नाही. कमिटची ओळ सुधारायला आज्ञा आहे. फांदीचं नाव बदलायला आज्ञा आहे. फाइलचं नाव बदलायला आहे. स्टॅशचं नाव बदलायला नाही.

मग लोक काय करतात? आडवाटेनं जातात. प्रत्येक स्टॅशला आतून चाळीस अक्षरांचा एक ठसा असतो, त्याला हॅश म्हणतात. आधी ड्रॉप म्हणायचं, म्हणजे गठुडं फळीवरून खाली टाकायचं. टाकताना गिट तो ठसा पडद्यावर दाखवतं. तो उचलायचा आणि स्टॅश स्टोअर या आज्ञेला नव्या नावासकट द्यायचा. गठुडं नव्या चिठ्ठीनं परत फळीवर येतं. आता गंमत बघा. या स्टोअरबद्दल गिटच्या स्वतःच्या माहितीपुस्तकात लिहिलंय, की ही आज्ञा स्क्रिप्टसाठी आहे आणि तुम्हाला हवी असलेली आज्ञा बहुधा ही नव्हे. म्हणजे सरकारी कचेरीत जसं सांगतात की ही खिडकी तुमची नाही, पण दुसरी खिडकीच नसते.

या आडवाटेवर खड्डे आहेत, आणि मी प्रत्येकात पडून आलोय.

पहिला खड्डा क्रमांकांचा. एक गठुडं काढलं की त्याच्या मागची सगळी एकेक क्रमांक पुढे सरकतात. तुम्ही यादी बघून ठरवता की एक आणि तीन काढायचे. एक काढलात, आणि त्या क्षणी तीनचा दोन झाला, चारचा तीन झाला. तुम्ही जुन्या यादीवर भरवसा ठेवून तीन काढता आणि चौथ्याचा गळा कापला जातो. माझा कापला गेला. देवनागरीत बिल छापायचं काम होतं, अकरा दिवसांचं. जोडाक्षरं तुटत होती, ती कशीबशी बसवली होती. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच डब्ल्यूआयपी, त्यामुळे चुकीचं गेलं हे लगेच कळलंही नाही. पाऊस चालू होता आणि लाईट दोनदा जाऊन आली होती. पडद्यावर वर सरकून बघितलं तेव्हा ड्रॉपचा ठसा अजून दिसत होता. तो मी आधी कागदावर उतरवला, चाळीसच्या चाळीस अक्षरं, शाळेत पाढे लिहिल्यासारखी. मग स्टोअर.

ड्रॉप झालेलं काम लगेच मरत नाही, हे नंतर वाचलं. कुणाचंच नाव नसलेल्या वस्तू गिट आपल्या गोदामात काही दिवस ठेवतं, साधारण दोन आठवड्यांपेक्षा जुन्या झाल्या की झाडलोटीत काढून टाकतं. तोवर एफएससीके नावाच्या आज्ञेनं बेवारस वस्तूंची यादी काढून त्यात आपली शोधता येते. शोधता येते हे खरं, पण त्या वस्तू उघडून बघितल्या की आतल्या चिठ्ठ्या पुन्हा त्याच डब्ल्यूआयपीच्या.

म्हणजे बघा, नाव बदलताना मधे एक क्षण असा येतो की कामाला नावच नसतं. जुनं गेलेलं आणि नवं लागलेलं नसतं. पुण्या-मुंबईच्या इमारतीत बसणाऱ्याला हा क्षण जाणवणार नाही. किनवटला जाणवतो, कारण आमच्याकडे लाईट त्याच क्षणाची वाट बघत असते. माझा आता नियम आहे: ड्रॉप करायच्या आधी ठसा काढून वेगळ्या फाइलीत चिकटवायचा, मगच हात लावायचा.

दुसरा खड्डा फांदीचा. आपण स्टॅश करताना नाव दिलं तर गिट त्याच्या आधी फांदीचं नाव आपणहून लावतं. स्टोअरनं नाव दिलं तर लावत नाही, तुम्ही लिहिलं तेवढंच दिसतं. काही लिहिलं नाही तर "स्टॅश स्टोअरनं तयार केलं" अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, जिचा कुणालाच उपयोग नाही. म्हणून फांदी आठवणीनं स्वतः लिहायची. आणि नव्या नावाचं गठुडं आपल्या जुन्या जागी जात नाही, सगळ्यांच्या पुढे शून्यावर जाऊन बसतं.

तिसरा खड्डा मला माहीत नव्हता. तो माझ्या भाचीनं दाखवला, आणि त्याचीच ही गोष्ट.

माझ्या चुलत बहिणीची मुलगी. नांदेडला राहून बीसीए केलं, परत आली. मोहल्ल्यात बऱ्याच जणांना वाटलं होतं की आता शिक्षण संपलं. तिनं घरी बसून काम घेतलं. करार तत्त्वावर, महिन्याच्या महिन्याला पैसे, कंपनी कोणती ते सोडून द्या. गिट तिला मी शिकवलं आणि अब्बांच्या चिठ्ठीची गोष्टही सांगितली. तिनं ती माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली. तिचा एकही स्टॅश बिननावाचा नसायचा. आणि नावं मराठीत! "बिलाचा रुपया गोल होत नाही, टेस्ट बाकी." "तारखेचा घोळ, फक्त फेब्रुवारीत." "हे चालतंय पण का चालतंय कळत नाही, हात लावू नये." हे तिसरं मला इतकं आवडलं की मी त्याचा फोटो काढून ठेवलाय.

मराठीत का, असं मी विचारलं होतं. घरी आम्ही दखनी बोलतो, शाळा मराठी, कामाची भाषा इंग्रजी. कमिटची ओळ इंग्रजीत लिहावीच लागते, ती टीम वाचते. पण स्टॅश आपल्या संगणकावरच राहतो, नेहमीच्या पुशनं तो सर्व्हरवर जात नाही. ती चिठ्ठी वाचणारा माणूस एकच: दोन आठवड्यांनंतरची ती स्वतः. "मामू, अपने आप से कौन अंग्रेजी में बात करता?" असं ती म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. इंग्रजीत चिठ्ठी लिहिताना आपण नकळत कमिटसारखं लिहायला जातो. सारवासारव करतो, अडलेलं झाकतो. फिक्स, अपडेट, चेंजेस असले शब्द टाकतो, जे काहीच सांगत नाहीत. मराठीत "कळत नाही" असं लिहायला लाज वाटत नाही. माझ्या मते ज्या भाषेत आपण स्वतःशी कुरकुरतो, त्याच भाषेत अर्धवट कामाचं नाव लिहावं. गिटला देवनागरीचं वावडं नाही. काही संगणकांवर यादीत अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतेच आकडे दिसतात. तो दोष पडद्याच्या मांडणीचा, चिठ्ठीचा नाही, आणि तो दुरुस्त होतो.

गेल्या वर्षी ती बाळंतपणासाठी थांबणार होती. काम दुसऱ्याकडे सोपवायचं ठरलं. तो मुलगा हैदराबादचा, तेलुगू बोलणारा, मराठीचा गंध नाही. तिच्याकडे फळीवर नऊ गठुडी होती, सगळ्यांवर मराठी चिठ्ठ्या. तिनं विचार केला की समोरच्याला वाचता यायला हवं, म्हणून एका संध्याकाळी बसून नऊच्या नऊ नावं इंग्रजीत बदलली. मी सांगितलेल्या आडवाटेनंच. ठसा आधी लिहून घेऊन, फांदी आठवणीनं टाकून, एकही चूक न करता. सातवा महिना, पाय सुजलेले, आणि ही बाई नऊ चिठ्ठ्या बदलतेय.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांबरोबर बोलणं होतं, पडद्यावर. त्यांनी तिला स्टॅशची यादी तारखांसकट दाखवायला सांगितली. त्यात गैर काही नाही, मीही तेच विचारलं असतं. यादीला तारखेचा पर्याय जोडला की क्रमांकाऐवजी तारीख दिसते. नऊच्या नऊ गठुड्यांवर तारीख आदल्या संध्याकाळची! पहिलं आणि शेवटचं यात पाऊण तासाचं अंतर. साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की अडीच महिन्यांचं काम म्हणून तुम्ही सांगताय ते सगळं काल संध्याकाळी झालेलं दिसतंय. शेवटच्या महिन्याचं बिल त्यांनी रोखून धरलं.

तिनं मला फोन केला तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती. "नाम बदली मैं, तो तारीख कायकू बदली?"

उत्तर असं आहे. स्टॅशची यादी म्हणजे एक वेगळी रोजवही असते. फळीवर गठुडं कधी आलं, एवढंच ती नोंदवते. स्टोअरनं गठुडं परत ठेवलं की रोजवहीच्या लेखी ते आत्ता आलं. जुनी नोंद ड्रॉपबरोबर गेलेली असते. यादी जे दाखवते ते खोटं नाही, पण वाचणाऱ्याला ते कामाची तारीख वाटतं आणि असतं चिठ्ठीची तारीख. काम मात्र गठुड्याच्या आत जसंच्या तसं असतं, कारण आतून स्टॅश म्हणजेही एक कमिटच. त्याची स्वतःची तारीख असते, स्वतःची ओळ असते, आणि चिठ्ठी बदलली तरी त्या दोन्हींना धक्का लागत नाही. ठसा बदलत नाही म्हणजे आतलं अक्षरही बदललेलं नाही. शो म्हणून गठुडं उघडलं की आतली खरी तारीख दिसते. आणि आतली जुनी ओळही दिसते: "हे चालतंय पण का चालतंय कळत नाही, हात लावू नये."

तसं आम्ही नऊ वेळा केलं. नऊ पडदे, नऊ तारखा, अडीच महिन्यांत पसरलेल्या, प्रत्येकात तिची मराठी ओळ. मी ते एकत्र करून तिला दिलं, तिनं पाठवलं. संगणकाच्या घड्याळाची तारीख ठरवून खोटी टाकता येते, हे मला माहीत आहे आणि साहेबांनाही माहीत असणार. पण खोटी तारीख टाकणारा माणूस "कळत नाही" असं लिहून ठेवत नाही. पंधरा दिवसांनी पैसे आले. माफी नाही आली.

ही आतली आणि बाहेरची भानगड आमच्या लोकांना नवी नाही. माझ्या शाळेच्या टी.सी.वर माझं नाव गुरुजींनी कानाला पडलं तसं लिहिलं, आधार कार्डावर ऑपरेटरनं त्याला पटलं तसं. राजपत्रात नाव सुधारून घेतलं, पैसे भरले, छापून आलं. तरी टी.सी.वर जुनंच आहे आणि कुठेही गेलं की दोन्ही कागद दाखवावे लागतात. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. नांदेडची चिठ्ठी नंतर लागली. आजही एखाद्या जुन्या वाटणीचा कागद निघाला की त्यावर आदिलाबाद असतं, मजकूर उर्दूत असतो, आणि वकील अब्बांच्या वयाचं कुणीतरी शोधत फिरतो. मराठवाड्यात नामांतराचा विषय काढला की माणसं सावध होतात. विद्यापीठाचं १९९४ चं आणि शहरांचं २०२३ चं, दोन्ही मी जवळून बघितलंय. तो वाद इथे नको. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की नाव बदलायला हरकत नसते. बदलल्याची नोंद, आधी काय होतं आणि कधी बदललं, ही पुसली जाऊ नये. स्टॅशच्या आडवाटेत ती यादीतून पुसली जाते.

जाणकार यावर म्हणतील, मला माहीत आहे काय म्हणतील. स्टॅश इतका वेळ ठेवायचाच कशाला? दोन दिवसांपेक्षा जास्त राहणारं काम असेल तर त्याची फांदी काढ. स्टॅशमधून थेट फांदी काढायची आज्ञा आहेच. फांदीला नाव देता येतं, बदलता येतं, ती सर्व्हरवर पाठवता येते. हे बरोबर आहे. भाचीनं कामं सोपवताना नऊ फांद्या काढल्या असत्या तर हे झालंच नसतं, आणि ते तिला न सांगण्याची चूक माझी आहे. तिच्याच संगणकावर राहणारी वस्तू दुसऱ्याला द्यायची तर ती आधी फळीवरून उतरवून टेबलावर मांडायला हवी होती. २०२५ मध्ये गिटच्या २.५१ या आवृत्तीत स्टॅश बाहेर पाठवायची आणि आत घ्यायची सोयही आली, म्हणजे एका संगणकावरचं गठुडं दुसऱ्यावर नेता येतं. चांगलं झालं. पण त्यावरून हेही दिसतं की लोक स्टॅश दोन दिवसांपुरते ठेवत नाहीत, महिनोन् महिने ठेवतात. स्वतः गिटसुद्धा हे मानतं: इतर रोजवह्यांतल्या जुन्या नोंदी ते काही काळानं झाडून टाकतं, स्टॅशच्या नोंदींना मात्र मुदत लावत नाही. म्हणजे सामान कायमचं ठेवू द्यायचं, पण चिठ्ठी बदलायला आज्ञा द्यायची नाही.

दुसरी हत्यारं बघा. जेटब्रेन्सच्या एडिटरात शेल्फ म्हणून सोय आहे, तिथे उजवी कळ दाबून नाव बदलता येतं. जुजुत्सू नावाचं नवं हत्यार आलंय, त्यानं हा प्रश्नच काढून टाकला. तिथे अर्धवट काम हीसुद्धा पहिल्यापासून एक नोंद असते आणि तिचं वर्णन तुम्ही केव्हाही बदलू शकता. गिटमध्ये ही आज्ञा घालणं अशक्य आहे असं मला वाटत नाही. जागेवरच चिठ्ठी बदलावी, क्रमांक हलू नये, मूळ तारीख राहावी आणि मधे तो बिननावाचा क्षण येऊ नये, इतकंच. पाच-सहा ओळींचं स्क्रिप्ट लिहून आडवाटेची ये-जा लपवता येते, मीही लिहिलंय आणि भाचीच्या संगणकावर टाकलंय. तारखेचं दुखणं मात्र त्यानं जात नाही. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्या नावाच्या शेवटी जुनी तारीख आपोआप चिकटते. ओबडधोबड आहे. चालतं.

एक कबुली देतो. नाव बदलायच्या निमित्तानं मी माझी स्वतःची फळी उघडली तेव्हा तिथे एकवीस गठुडी निघाली. त्यातली तेरा कशाची होती ते उघडूनही कळलं नाही. नव्या नावासाठी पेन घेऊन बसलो आणि लिहायला काही नव्हतं, म्हणून सोडून दिली. पूर्वी मला वाटायचं की नाव बदलणं हे दिखाऊ काम आहे, खरं काम आतलं. आता वाटतं, की ज्याला आज नाव सुचत नाही ते काम मी तेव्हाच सोडलं होतं, फक्त मान्य केलं नव्हतं. अब्बांच्या फळीवरही अशी दोन गठुडी होती. गिऱ्हाईक परत आलंच नाही, आणि शाई उडून गेली.

भाचीला मुलगी झाली. सहा महिन्यांनी ती परत कामाला लागली, दुसऱ्या कंपनीकडे. हैदराबादचा तो मुलगा अजून मधूनमधून मला फोन करतो. नऊपैकी आठ कामं त्यानं उरकली. नवव्याला त्यानं हात लावलेला नाही. इंग्रजी चिठ्ठीवर "प्रिंट मॉड्यूल, पेंडिंग" एवढंच होतं, पण आत ती मराठी ओळ बघून त्यानं मला तिचा अर्थ विचारला होता. मी सांगितला. तो म्हणाला, बरं केलंत, मग राहू दे.